एककान्याचे दोन कान

"थांबव! थांबव रे तो पिक्चर! दोन कान हायत त्याला! दोन!"

ओरडत होता पाड्याचा म्हातारा कारभारी. एरवी ह्या माणसाचा आवाज इतका बारीक की त्याच्या मांडीवरच्या कोंबडीलाही तो ऐकू जायचा नाही. पण त्या दुपारी तो ओरडला आणि समाजमंदिराच्या पत्र्यावर कोसळणारा पाऊस क्षणभर थबकला. हसा, हसा. मी दारात उभा होतो, पाठीवर पागोळी पडत होती, ती थांबली म्हणून सांगतो.

पाडा उधव्याच्या अलीकडचा. खिडक्यांना निळी ताडपत्री ठोकून भरदिवसा आत अंधार केलेला. भिंतीवर पांढरी चादर, आणि चादरीवर सिनेमातला खलनायक. तरणाबांड, तेल लावून केस चोपलेले, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कान. साध्या माणसाला असतात तसे. पण हा साधा माणूस नव्हता. ह्याला सगळा तालुका एककान्या म्हणून ओळखत होता, आणि गेली कित्येक वर्षं ह्याच चादरीवर त्याला एकाच कानाने मरताना बघत होता.

"कान परत उगवला काय?"

"हा त्याचा पोरगा असंल."

"त्याचं लगीन कुठं झालं होतं?"

"भगताने पाला लावला असंल."

"पाल्याने कान येतो तर माझे दात का नाय येत?" कारभारी म्हणाला, आणि पुरावा म्हणून तोंड उघडून दाखवलं.

ह्या सगळ्या गोंधळाच्या मधोमध एक सडपातळ माणूस उभा होता. गळ्यात दोरीला रिमोट, हातात लाल रुमालात गुंडाळलेला माइक. तो गप्प होता. त्याला ओळखणाऱ्यांना मी बाकी सगळं सांगितलं तर पटतं, पाऊस थांबल्याचंही पटतं, पण तो गप्प होता हे पटत नाही.

त्यांना सगळे खुलासाकाका म्हणत. खरं नाव काहीतरी असणारच, मी कधी विचारलं नाही. डहाणूला चिकूच्या वाडीला लागून त्यांची एक खोली, खोलीत प्रोजेक्टर, दोन स्पीकरचे खोके, चादर, आणि दारात माझा टेम्पो. धंदा म्हणाल तर पाड्यापाड्यावर सिनेमा दाखवायचा. कुणाकडे पूजा, कुणाकडे हळद, कुणाच्या पोराला नोकरी लागली, की काकांना बोलावणं. मोबाइल घरोघरी आले तेव्हा लोक मला म्हणाले, तुमच्या काकांचं दुकान आता बंद. कसलं बंद! मोबाइलवर सिनेमा होता, पण खुलासा नव्हता.

खुलासा म्हणजे काय ते सांगतो. सिनेमे बहुतेक दक्षिणेतले, हिंदीत डब केलेले. आमच्याकडे माणूस घरात एक बोलतो, बाजारात दुसरं, वापीच्या कारखान्यात तिसरं, आणि सिनेमातली हिंदी ह्या तिन्हींत बसत नाही. म्हणून काका मध्येच रिमोट दाबायचे, चित्र जागच्या जागी थिजायचं, आणि काका माइकमध्ये गर्जायचे, "खुलासा!" मग हा माणूस कोण, ह्याचा बाप कोण, बापाचं त्या शेटशी काय वाकडं होतं, सगळं मराठीत, मध्ये थोडं गुजराती, थोडं पाड्याच्या बोलीत. तीन तासांचा सिनेमा झुंजूमुंजू होईपर्यंत चालायचा. एकदा हिरोने थप्पड मारायला हात उगारला आणि काकांनी रिमोट दाबला. खुलासा असा रंगला की बायका घरी गेल्या, भाकऱ्या थापल्या, पोरांना निजवून परत आल्या. हिरोचा हात तिथेच. माझ्या शेजारचा म्हातारा हळहळला, "खांदा दुखला असंल रे त्याचा."

माइकची सवय त्यांना जत्रेतली. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत हरवलेल्या मुलांच्या घोषणा करायचं काम पूर्वी त्यांच्याकडे होतं. तिथून त्यांना काढलं, का ते ऐका. एक पोरगी सापडली. रडत होती, नाव सांगेना, गाव सांगेना, नुसतं "आजी, आजी." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, लाल फ्रॉकची मुलगी सापडली आहे, घेऊन जा. काकांना ते पोरकं वाटलं. त्यांनी माइक घेतला आणि सुरू केलं, "ह्या मुलीची आजी सकाळी उपाशी निघाली आहे. सुनेशी बोलणं नाही. नातीला बांगड्या घेऊन द्यायच्या म्हणून कनवटीला थोडे पैसे बांधून ती डोंगर उतरून आली आहे." जत्रेतल्या निम्म्या म्हाताऱ्या डोळे पुसत मंडपापाशी हजर! प्रत्येकीचं सुनेशी वाकडं होतंच. पोरीची खरी आजी मात्र पाळण्यापाशी आइसफ्रूट खात उभी होती. घोषणा तिनेही ऐकली आणि शेजारणीला म्हणाली, बिचारी कोण गं ही. माझी सून तर गुणाची.

असा माणूस. कुणीही भेटला की त्याच्या मागे एक गोष्ट लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. तलासरी नाक्यावर हवालदाराने टेम्पो अडवला तर काका माझ्या कानात सांगायचे, "दीकरा, ह्याच्याशी नीट बोल. ह्याला लहानपणी चुलत्याने पतंग उडवू दिला नाही." खरं असेल खोटं असेल, पण मग त्या हवालदाराकडे रागाने बघता यायचं नाही. आता रागाने बघता न येणं हा ड्रायव्हरच्या दृष्टीने केवढा तोटा! खूश असले की मी दीकरा, म्हणजे बेटा, चिडले की ड्रायव्हरसाहेब. दिवसातून दोन्ही अनेकदा व्हायचो.

आता तो कान.

एककान्याचा सिनेमा म्हणजे काकांचं राखीव सोनं. गोष्ट सरळ. एककान्या गावातलं धान्याचं कोठार जाळतो, हिरोच्या बापाला मारतो, हिरो मोठा होऊन कोरड्या नदीच्या पात्रात एककान्याला मारतो. कान कसा गेला हे सिनेमात कुठेही सांगितलेलं नाही. सिनेमा काढणाऱ्याने ती जागा मोकळी सोडली, आणि मोकळी जागा दिसली की काका तिथे बिऱ्हाड करणारच.

पूर्वेकडच्या पाड्यांवर काका सांगायचे, एककान्या लहानपणी बकऱ्या राखायचा. घरात दाणा नाही. आई तापाने पडलेली. पोराने शेटच्या खळ्यावरून मूठभर भात उचललं, आणि शेटने विळ्याने त्याचा कान उतरवला. ते कोठार पुढे त्याने जाळलं ना, ते त्याच शेटचं. मरताना तो कानाच्या जागी हात ठेवतो ना, तो का? त्याला आईची हाक ऐकू येते म्हणून. एवढं सांगून काका रिमोट दाबायचे आणि एककान्या मरायचा. मी खोटं बोलत नाही, एका पाड्यावर त्याचं बारावं घातलं. मी जेवलोय.

वाढवणला गोष्ट वेगळी. तिथे मासेमारांच्या पुढे बकऱ्या कशाला? तिथे एककान्या खलाशाचा पोर होता आणि त्याचा कान कापला तो किनारा मोजायला आलेल्या साहेबाने. तिथे सिनेमा संपल्यावर लोक रडायचे नाहीत, घोषणा द्यायचे. डहाणूच्या बाजारपेठेत व्यापाऱ्यांपुढे दाखवला तर तोच कान भागीदाराने दगा दिल्यामुळे गेलेला असायचा.

एकदा जत्रेत वाढवणची सुकटवाली आणि उधव्याचा एक गडी ह्यांची कानावरून जुंपली. विळा की सुरी, शेट की साहेब. माणसं जमली, बाह्या वर गेल्या. कुणीतरी काकांना ओढत आणलं. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आपल्या गुजराती वळणाने शांतपणे म्हणाले, "दोघांचं बरोबर ने. कान दोनदा कापला गेला. आधी वरचा अर्धा, मग खालचा." दोघं समाधानाने घरी गेले. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. वरचा अर्धा आधी कापला तर खालचा अर्धा लोंबणार कसा?

इथपर्यंत सगळं हसण्यावारी. पण ज्या पाड्यावर हे दोन कान उगवले तिथे कुणाचं तरी घर ह्या सिनेमावर उभं होतं.

तिथली बुधीबाय. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, लखमा. लखमा धट्टाकट्टा, मुकाट, आणि कधी काय करील सांगता येणार नाही असा. एका हिवाळ्यात त्याने चुलतभावाची, रूपजीची, खळ्यावर रचलेली भाताची उडवी पेटवून दिली. अख्ख्या वर्षाचं भात. पेटवली आणि पळाला, वापीच्या बाजूला कुठे हमाली करत राहिला. बुधीबायने पंचांसमोर सांगितलं, हा माझा नाय, ह्याने माझ्या दारात पाऊल टाकायचं नाय.

काही वर्षांनी काकांनी तिथे एककान्या दाखवला. कोठार पेटलं, काकांनी रिमोट दाबला, आणि विळ्याची, तापाने पडलेल्या आईची गोष्ट सांगितली. सिनेमा संपला तशी बुधीबाय उठली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "एककान्याला कोणी घरात घेतला नाय म्हणून तो नदीत मेला. माझा तसा मरू द्यायचा नाय मला." पाडा आधीच रडून ओला झालेला. कारभाऱ्याने मान हलवली, रूपजीनेही नाक ओढत मान हलवली. लखमा परत आला. आईच्या घरात राहू लागला, शेत करू लागला. सिनेमाच्या वाटेला मात्र कधी गेला नाही. चादर लागली की हा मागे भिंतीला टेकून झोपायचा. ज्या सिनेमाने त्याला घरात आणलं तो त्याने डोळे मिटूनच पाहिला.

आणि मग काही वर्षांनी सिनेमावाल्यांना बुद्धी झाली. एककान्या लोकांना फार आवडला, तर त्याच्या तरुणपणाचा सिनेमा काढू. पहिल्याच्या आधीची गोष्ट, पण काढली मागून.

रूपजीने तो सिनेमा वापीला कारखान्यात मोबाइलवर पाहिला. तिथून तो जो निघाला तो बसमध्येसुद्धा उभ्याने आला, सीट रिकामी असून. आल्या आल्या कारभाऱ्याच्या अंगणात बोंब ठोकली. आई नाय, ताप नाय, बकऱ्या नाय! एककान्या शेटचाच पोरगा! मोठ्या घरातला! कान कोणी कापला नाय, त्याने स्वतः कापला, एका गरीब गड्यावर आळ घालायला! मुळातच वाईट माणूस. मग आपण कोणासाठी रडलो? आणि कोणासाठी त्या लखमाला परत घेतला?

पाड्याने ठरवलं, आधी सिनेमा बघू. सगळ्यांनी मिळून. रूपजी सांगतो तसं असेल तर लखमाने निघायचं, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी.

कोर्टात माणसाचा निकाल साक्षीदारावर लागतो, कागदावर लागतो. सिनेमावर लागलेला मी हा एकच पाहिला.

काकांनी टाळाटाळ म्हणजे किती करावी! टेम्पो नादुरुस्त आहे म्हणाले, तो मी त्याच वेळी त्यांच्या दारात धूत होतो. प्रोजेक्टरमध्ये मुंग्या गेल्या म्हणाले. त्या सिनेमाचा पेन ड्राइव्ह मिळत नाही म्हणाले, तर रूपजी स्वतःचा घेऊन डहाणूला हजर. शेवटी काका गाडीत बसले. चारोटीला मीच विचारलं, "काका, तुम्ही सांगत होता ते खरं होतं, की हे खरं?"

"ड्रायव्हरसाहेब, पुढे बघा."

थोड्या वेळाने आपणच म्हणाले, "त्यांनी तो सिनेमा एकदा बनवला. मी किती वेळा बघितला असेल? जास्त कोणाला माहीत?"

"पण काढला त्यांनी ना?"

"मूल जन्माला घालणं वेगळं आणि रोज सांभाळणं वेगळं. बरोबर ने?"

मला बरोबर वाटलं. मग घाट चढताना चूक वाटलं. उतारावर पुन्हा बरोबर वाटलं. आजही मी चढावर आहे की उतारावर ह्यावर माझं मत अवलंबून असतं.

तर ते दोन कान. समाजमंदिरात गदारोळ. कारभाऱ्याचं तोंड दातांच्या पुराव्यासाठी अजून उघडं. काकांनी शेवटी माइक तोंडाला लावला आणि सांगितलं, हा तोच माणूस आहे, पण तरुणपणचा. ही आधीची गोष्ट आहे.

"आधीची कशी? तो तर मेला," कुणीतरी म्हणालं.

"मरायच्या आधीची."

"मग मरायच्या आधी का नाय दाखवली?"

सगळा पाडा कपाळाला आठ्या घालून चादरीकडे बघत राहिला. मेलेला माणूस तरुण होऊन नाचतोय आणि म्हणे हे आधीचं. तेवढ्यात कारभाऱ्याची बायको, जी आयुष्यात नवऱ्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती, खो खो हसायला लागली. "अगो, आपल्या लग्नासारखं! पोरं आधी झाली, हळद मागून लागली. माझ्या लग्नात माझाच पोरगा नाचला होता नाय का? फोटोत बघणारा बोलेल, नवरीच्या आधी पोर कुठून आला!"

हशा पिकला आणि झटक्यात सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तिकडे हे नवं नाही. एकत्र संसार सुरू होतो, पोरं होतात, आणि जमेल तेव्हा लग्न लागतं. आधीचं मागून येतं. शहरातल्या लोकांना जे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात ते त्या म्हातारीने एका वाक्यात समजावलं.

सिनेमा पुढे सरकला. मोठं घर, हत्तीच्या पायाएवढे खांब, झोपाळ्यावर एककान्याची आई, ठणठणीत. तिच्या गळ्यात एवढं सोनं की ती तापाने मरणं शक्यच नाही. बुधीबाय पुढे बसली होती. ह्याच आईसाठी तिने पदर ओला केला होता. ती बारकाईने बघत होती, बाजारात ओळखीचं भांडं दुसऱ्याच्या हातात दिसावं तशी.

मग ती जागा आली. तरुण एककान्या खळ्यावर एकटा. हातात विळा. बाजूला कुणी नाही. त्याने इकडे तिकडे पाहिलं, कान धरला, आणि दात आवळून...

काकांनी रिमोट दाबला. सवयीने. बोट आपोआप गेलं.

चित्र थिजलं. विळा कानाला टेकलेला. आणि मागून, पुढून, खिडकीखालून आवाज सुरू झाले, "खुलासा! खुलासा!" रूपजी उभा राहिला. "हां, काका, करा ना. करा खुलासा."

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी काढणार. म्हणणार, हा त्याचा जुळा भाऊ. म्हणणार, शेटने सिनेमावाल्यांना पैसे चारले. त्यांनी नुसतं तोंड उघडलं असतं तरी पाड्याने ते खरं धरलं असतं, इतकी वर्षं धरलंच होतं. काकांनी माइकवरचा रुमाल सारखा केला. घसा खाकरला. बुधीबायकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी पण हे पहिल्यांदाच बघतोय."

आणि रिमोट दाबून पुढचं जाऊ दिलं.

कान पडला. गरीब गडी मार खाऊन गावाबाहेर गेला. सिनेमा संपला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवी घातली नाही. रूपजी म्हणाला, "झालं? बघितला? आता बोला." बुधीबायने मागे वळून काकांना सांगितलं, "पहिला लाव."

"कुठला, बाय?"

"मेलेला. तो लाव. आणि मध्ये थांबू नको."

मी आयुष्यात तो सिनेमा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असं म्हणायला हरकत नाही. काकांच्या खुलाशाशिवाय तो केवढासा होता! आणि दर दोन मिनिटांनी मी चक्रावत होतो. एककान्या माणूस मारायच्या आधी कानाच्या जागी बोट फिरवतो. पूर्वी मला तिथे गलबलायचं, विळा आठवला बिचाऱ्याला. आता वाटलं, अरे लबाडा, स्वतःची करामत तपासतोस काय? पुढच्या क्षणी वाटलं, पण इतक्या वर्षांनीही बोट तिथेच का जातं? कोठार पेटतं तेव्हा तो हसतो. पूर्वी तो हिशेब चुकता केल्याचा आनंद होता. आता कोठार त्याच्या बापाचंच निघालं, म्हणजे पोरगा बापाचं घर जाळून हसतोय. मग हे जास्त वाईट की कमी? चादरीवर एक ठिपका बदलला नव्हता. तोच नट, तीच आग, तेच गाणं. आमच्याच डोळ्यांत कुणीतरी दुसरं माणूस बसवून गेलं होतं, आणि पहिलं उठायला तयार नव्हतं. दोघं एकाच खुर्चीत.

शेवटी नदीचं पात्र. एककान्या पडला, त्याने कानाच्या जागी हात ठेवला. अर्ध्या बायका रडल्या, अर्ध्या त्या रडणाऱ्यांकडे बघत राहिल्या. एकीने रडता रडता शेजारणीला विचारलं, "आता रडायचं ना?" शेजारीण म्हणाली, "मी नाय थांबवू शकत, तू तुझं बघ."

दिवे लागले. रूपजीने कारभाऱ्याला धरलं. "बोल. तो मुळातच वाईट होता की नाय?"

कारभाऱ्याने आपल्याच कानाची पाळी चिमटीत धरली. मग म्हणाला, "मी एवढाच विचार करतोय. त्याने स्वतः कापला तरी दुखला असंल की नाय?"

"दुखला असंल ना! पण कापला कोणी?"

"कोणी का कापेना. दुखला तर त्यालाच."

"कारभारी, तू कोणाच्या बाजूने हायस?"

"मला समजत नाय बाबा," कारभारी म्हणाला. "सकाळी समजत होतं."

सगळ्यांनी बुधीबायकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो लखमा भिंतीला टेकून झोपला होता, तोंड उघडं, दोन्ही सिनेमे अंगावरून गेलेले. बुधीबाय उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाली, "तो पिक्चरवाल्यांचा पोर. त्यांनी त्याचं काय करायचं तां करू दे. उद्या माझी आवणी हाय, मला माणूस लागतो."

"आणि माझी उडवी?" रूपजी तडकला. "ती पण पिक्चरमधली?"

"नाय. ती खरी. परवा तुझ्याकडे येईल तो. तुझं शेत होईपर्यंत येईल. दर साल येईल."

रूपजीने बाहेर आभाळाकडे पाहिलं. त्याची लावणीची रोपं वाढून गुडघ्याला लागली होती, दोन्ही भाऊ कारखान्यात, घरात हातभार लावायला बायको सोडून कुणी नाही. मग तो म्हणाला, "सकाळी लवकर पाठव." आणि पेन ड्राइव्ह काढून घेऊन पावसात चालता झाला.

मी तुम्हाला सांगतो, एवढं झाल्यावर दुसरा माणूस सुटकेचा श्वास टाकून घरी गेला असता. काका नाही. स्पीकरचे खोके टेम्पोत चढवायला लखमाला उठवला होता. तो डोळे चोळत खोका खांद्यावर घेऊन चालला, आणि काका त्याच्यामागे छत्री धरून. छत्री खोक्यावर, स्वतः चिंब. मी पाहिलं, काकांचा चेहरा अगदी उतरलेला. इतकी वर्षं ह्या माणसाने सिनेमातल्या माणसाचं बालपण तीन-तीन गावांना वेगवेगळं करून दिलं, आणि खरा उडवी पेटवणारा समोर वावरत असून त्याला कधी काही विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. पाड्यात कुणीच नव्हतं. सगळ्यांना एककान्याचंच माहीत होतं.

हल्ली काका वलसाडला लेकीकडे असतात. लेक फोनवर सांगते, टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज बंद करून नातवंडांना खुलासा करतात. बातम्या वाचणारीच्या माहेरचं त्यांना सगळं ठाऊक आहे म्हणे. म्हणजे माणूस सुधारला नाही. पण त्या संध्याकाळी टेम्पोच्या मागे उभं राहून त्यांनी एक प्रश्न स्वतःचं उत्तर न जोडता विचारला, तो मी ऐकला आहे.

लखमाने खोका आत सरकवला. काकांनी त्याचा दंड धरला.

"लखमा, एक सांग. रागावणार नाही कोणी. ती उडवी तू पेटवलीस, त्याच्या आधी काय झालं होतं?"

लखमा विचारात पडला. खरोखर विचारात. कपाळावरून पाणी ओघळत होतं ते त्याने पुसलंही नाही. मी टेम्पोची किल्ली फिरवायची ठेवली होती.

"त्याच्या आधी?" लखमा म्हणाला. "जेवलो होतो."